मोड आलेल्या ज्वारीचा श्वास मोजताना: सोलापुरातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४

दहावीला पेशीश्वसन, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढते ते, शिकवतो त्याला बरीच वर्षं झाली. ग्लुकोजविघटन, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी, सगळं फळ्यावर येतं आणि फळ्यावरच पुसलं जातं. नंतर वर्गात 'श्वसन कुठे होतं?' असं विचारलं, की निम्मी मुलं नाकाकडे बोट दाखवतात. यंदा ठरवलं, की दाणा हवेतून किती ऑक्सिजन घेतो ते मुलांनी स्वतः मोजायचं. नाक नसलेला जीवही श्वसन करतो हे आकड्यात दिसलं पाहिजे. दाणा अर्थातच ज्वारीचा. सोलापुरात दुसरा कुठला घेणार?

मांडणी अशी: काचेच्या बाटलीत मोड आलेले दाणे आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा कॉस्टिक सोडा. बाटलीला दोन भोकांचं रबरी बूच. एका भोकातून काचेची वाकवलेली नळी, तिला आडवा जोडलेला १ मिलीचा पिपेट आणि पिपेटमध्ये रंगीत पाण्याचा एक थेंब. दुसऱ्या भोकात रबरी नळीचा तुकडा आणि चिमटा. दाणे ऑक्सिजन घेतात, सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोडा गिळतो, म्हणून आतली हवा कमी होते आणि थेंब बाटलीकडे सरकतो. तो किती सरकला ते पिपेटवर वाचायचं.

बुचं, पिपेट आणि नळ्या नव्या पेठेतून आणल्या. कॉस्टिक सोडा सूत रंगवणाऱ्यांना माल देणाऱ्या दुकानात स्वस्त मिळाला. २० तारखेच्या मतदानाचं केंद्र आमच्याच शाळेत आहे, त्यामुळे पुढचा आठवडा जवळपास वाया जाणार.

२२ नोव्हेंबर

पहिली चूक बियाण्यात झाली. कृषी सेवा केंद्रातून आणलेलं बियाणं गुलाबी निघालं, म्हणजे त्याला औषध चोळलेलं होतं. मुलांच्या हातात असं बियाणं द्यायचं नाही, आणि औषध श्वसनात काय ढवळाढवळ करील तेही सांगता येत नाही. पिशवी परत केली.

मग एका मुलीने घरच्या कोठीतली मालदांडी जातीची ज्वारी आणली, गेल्या रब्बीची. १०० दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहिले, तर ८७ उगवले. एवढी उगवण पुरे. १२ तास भिजवायचे, २४ तास फडक्यात बांधून ठेवायचे, मोड सेंटिमीटरभर झाले की वापरायचे. प्रत्येक बाटलीसाठी भिजवण्याआधीच १० ग्रॅम कोरडे दाणे तोलून घेतो. ओल्या दाण्यांचं वजन दर तासाला बदलतं, त्यावर हिशेब बसत नाही.

२५ नोव्हेंबर

आज तीन गोष्टी बिघडल्या.

एक: सोड्यात भिजवलेला कापूस बाटलीच्या तळाशी ठेवून त्यावर जाळी न बसवता दाणे टाकले. अर्ध्या तासात खालचे दाणे पिवळे पडून गळून गेले. आता छोट्या प्लास्टिकच्या झाकणात कापूस, त्यावर नायलॉनची जाळी आणि जाळीवर दाणे.

दोन: थेंब पिपेटमध्ये तुटून दोन व्हायचा किंवा जागेवरच अडकायचा. रंगीत पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब मिसळला, तेव्हापासून तो सुरळीत सरकतो.

तीन: बुचं गळत होती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बाटली बादलीत बुडवून सिरिंजने आत हवा ढकलली, तेव्हा नळीच्या कडेने बुडबुडे आले. व्हॅसलिन लावून थांबलं. कुठलीही बाटली बुडबुड्यांची परीक्षा दिल्याशिवाय वापरायची नाही हा आता नियम.

सोड्याचं द्रावण करताना माझ्या करंगळीवर उडालं. नळाखाली पंधरा मिनिटं हात धरला. पुढे मुलांना द्रावणाला हात लावू दिला नाही आणि चष्म्याशिवाय टेबलाजवळही येऊ दिलं नाही.

२६ नोव्हेंबर

सगळं नीट बसवलं आणि थेंब उलटा सरकला. बाटलीपासून लांब, १० मिनिटांत ०.२ मिली.

मुलं म्हणाली, 'सर, दाणे हवा सोडतायत.' मलाही क्षणभर वाटलं, सोडा जुना असेल, कार्बन डायऑक्साइड शोषत नसेल. नवा कापूस भिजवून पुन्हा केलं, तरी थेंब बाहेरच. तिसऱ्यांदा संध्याकाळी पाच वाजता केलं, तर थेंब इतक्या वेगाने आत आला की पिपेट संपला. खुशीत फळ्यावर आकडा लिहिला. मग शंका आली म्हणून उकडलेल्या दाण्यांची बाटली लावली. तिच्यातही थेंब आत आला. मेलेले दाणे श्वास घेऊ लागले, तेव्हा लक्षात आलं की गडबड दाण्यात नाही.

आमची प्रयोगशाळा पत्र्याच्या छताखाली आहे. सोलापुरात नोव्हेंबरातही सकाळी दहानंतर पत्रा तापतो आणि पाचनंतर झपाट्याने निवतो. बाटलीत दाणे सोडून साधारण ९० मिली हवा उरते. तापमान १ अंशाने वाढलं की हवा जवळपास तीनशेव्या भागाने फुगते, म्हणजे ०.३ मिली. नेमकं तेवढंच आपण मोजायला बसलो आहोत! सकाळी दाणे आत ओढत होते आणि ऊन बाहेर ढकलत होतं. संध्याकाळी दोघं एकाच दिशेला लागले.

दोन दिवस गेले. पण हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं हेही खरं. मला वाटायचं, तुलनेची बाटली ही वहीत लिहायची औपचारिकता असते. खरा प्रयोग तीच आहे.

२९ नोव्हेंबर

नवी मांडणी. २० लिटरचा टब पाण्याने भरला, तिन्ही बाटल्या मानेपर्यंत पाण्यात. पहिलीत मोडाचे दाणे, दुसरीत उकडलेले, तिसरीत काचेच्या गोट्या. आत हवा सारखी उरली पाहिजे, म्हणून दाणे मोजपात्रातल्या पाण्यात टाकून त्यांचं आकारमान काढलं आणि तेवढ्याच आकारमानाच्या गोट्या घेतल्या. गोट्या सातवीच्या मुलांकडून उसन्या आणल्या आहेत, परत करायच्या आहेत.

चिमटे उघडे ठेवून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे आतली हवा पाण्याच्या तापमानाला येते. मग चिमटे लावायचे आणि घड्याळ सुरू करायचं. थेंब टोकाला गेला की चिमटा काढून सिरिंजने मागे आणायचा.

पाणी २५ अंश. दहा मिनिटांत:
मोडाचे दाणे: ०.४१ मिली आत
उकडलेले: ०.०३ आत
गोट्या: ०.०३ आत

गोट्यांचा थेंब जेवढा सरकला तेवढं पाण्याचं आणि हवेच्या दाबाचं काम. ते वजा केलं की दाण्यांचं उरतं ०.३८ मिली. पाच वेळा केलं, ०.३६ ते ०.३९ च्या मध्ये आलं. उकडलेल्यांचं उत्तर शून्य. वर्गात एकदम शांतता पसरली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधी बोलत नाही, म्हणाला, 'म्हणजे खरंच घेतायत.'

३ डिसेंबर

तापमान बदलून पाहिलं. बर्फ टाकून १० अंश: ०.१३ मिली. २५ ला ०.३८. गरम पाणी घालून ३५ ला ०.७५. दर १० अंशांना साधारण दुप्पट.

४५ ला पहिल्या दहा मिनिटांत ०.८, पुढच्या दहात ०.५, त्यानंतर ०.२. तेच दाणे पुन्हा २५ च्या पाण्यात ठेवले तरी पूर्वीच्या आकड्यावर आले नाहीत. श्वसनाची एकेक पायरी विकरांच्या (एन्झाइमांच्या) हातात असते आणि विकर म्हणजे प्रथिनं, उष्णतेने एकदा मोडली की मोडली. 'उकडलेल्यांचा थेंब का हलला नाही' याचं उत्तर मुलांनी इथूनच काढलं, मला सांगावं लागलं नाही.

४ डिसेंबर

हे ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी नक्की वाचावं.

मधल्या सुट्टीत एक मुलगा उरलेले मोड मटकीसारखे खायला निघाला होता. मी धावत जाऊन हातातून काढून घेतले. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि कोंब चावला-चिरडला की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन गुरं दगावतात हे शेतकऱ्याच्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. शहरातल्या मुलांना माहीत नव्हतं.

त्याच तासाला तो विषय घेतला, कारण हे विष थेट आपल्या धड्याच्या शेवटच्या ओळीवर घाव घालतं. पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनच्या हाती पोचतात. ज्या विकराच्या हातून ते दिले जातात, त्या सायटोक्रोम ऑक्सिडेझलाच सायनाइड जाऊन चिकटतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पेशीला तो वापरता येत नाही. साखळी अडते, पेशी ज्या रेणूत ऊर्जा साठवते तो एटीपी तयार होणं थांबतं. छाती वरखाली होत असतानाही पेशी गुदमरते. नाकाने घेतो तो श्वास आणि पेशीतलं श्वसन यांतला फरक यापेक्षा स्पष्ट मी कधी सांगू शकलो नव्हतो.

मोड रोज मोजून आत आणि मोजून बाहेर. उरलेले मातीत पुरतो.

९ ते १२ डिसेंबर

दुसरा भाग: उष्णता. दोन थर्मास आणले. दोन्हींत २०० ग्रॅम ज्वारीचे (कोरडं वजन) दाणे, एकात मोडाचे, एकात उकडलेले. झाकणाला भोक पाडून थर्मामीटर घातलं आणि कडेने मेण लावून घट्ट बंद केलं, उष्णता निसटू नये म्हणून.

सुरुवात २४ अंश. दुसऱ्या दिवशी २६. तिसऱ्या दिवशी २६. चौथ्या दिवशीही २६.

उघडलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, 'सर, शिंदीचा वास येतोय.' तिचं अगदी बरोबर होतं. घट्ट झाकणाच्या नादात मी हवाच तोडली होती. ऑक्सिजन संपल्यावर दाण्यांनी विनॉक्सिश्वसनाची वाट धरली: ग्लुकोजपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. त्या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे फक्त २ रेणू मिळतात, बहुतेक ऊर्जा अल्कोहोलातच अडकून राहते, म्हणून उष्णताही बेताची. चार दिवस गेले, पण फसलेल्या प्रयोगाने धड्यातलं एक अख्खं पान वास देऊन शिकवलं.

१६ ते २० डिसेंबर

झाकणाऐवजी कापसाचा बोळा. थर्मास उलटे टांगले, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो कापसातून खाली उतरून जातो आणि ताजी हवा आत येते.

मोडाचे: २४, २७, ३१, ३४, ३५.
उकडलेले: २४, २४, २५, २९, ३३.

शेवटच्या आकड्याने माझी झोप उडवली. उकडलेले दाणे ३३ अंश! एका मुलाने विचारलं, 'ते परत जिवंत झाले का?' बोळा काढला तर घाण वास आणि दाण्यांवर बुळबुळीत थर. दाणे मेलेलेच होते, पण शिजलेल्या ज्वारीवर जीवाणू आणि बुरशी पंगतीला बसल्या होत्या. तेही जीव, तेही श्वसन करतात. थर्मामीटर कुणाची उष्णता आहे ते सांगत नाही.

३० डिसेंबर ते ३ जानेवारी २०२५

तिसरी फेरी. उकडलेले दाणे आणि मोडाचे दाणे दोन्ही फरशी पुसायच्या ब्लीचच्या पातळ द्रावणातून एक मिनिट काढले, मग उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा धुतले. दोघांनाही सारखीच वागणूक, नाहीतर तुलना लंगडी पडते. थर्मासही ब्लीचने धुतले.

मोडाचे: २३, २६, ३०, ३३, ३४. उकडलेले पाचही दिवस २३-२४.

मुलांनी मग हिशेब मांडला. १ मिली ऑक्सिजन वापरला की सुमारे ५ कॅलरी ऊर्जा मोकळी होते. १० ग्रॅम ज्वारी दहा मिनिटांत ०.३८ मिली घेते, तासाला २.३. म्हणजे २०० ग्रॅमला तासाला ४६ मिली आणि साधारण २३० कॅलरी. भिजलेल्या तेवढ्या दाण्यांना १ अंश वर न्यायला जवळपास २०० कॅलरी लागतात. मग तासाला एक अंश चढायला हवं होतं, आम्हाला दिवसाला जेमतेम तीन-चार मिळाले. बाकीची कापसातून, वाफेतून गेली, आणि थर्मासच्या मध्यावरच्या दाण्यांना पुरेसा ऑक्सिजनही मिळत नसणार. हा फरक मी लपवला नाही, वहीत तसाच लिहायला लावला.

पुस्तकात एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी आहेत. आता मानला जाणारा आकडा ३० ते ३२ आहे, कारण तंतुकणिकेत माल आत-बाहेर नेण्यातही ऊर्जा खर्च होते. परीक्षेत ३८ च लिहा असं मुलांना सांगितलं आणि खरं काय तेही सांगितलं. ग्लुकोजच्या एका मोलमधून ६८६ किलोकॅलरी सुटतात आणि एटीपीच्या एका मोलमध्ये सुमारे ७.३ साठतात. ३२ धरले तरी एक तृतीयांशच हाती लागतं. उरलेली उष्णता. थर्मासात दिसली ती हीच.

८ जानेवारी

शेंगा. सोलापुरात शेंगदाण्याच्या चटणीशिवाय घर नाही, म्हणून मुलांना हा भाग सगळ्यात आवडला.

बाजारातले सोललेले शेंगदाणे घेऊ नका. त्यातले कित्येक भाजलेले, यंत्रात सोलताना फुटलेले असतात, उगवत नाहीत. पहिली खेप काळ्या बुरशीने गेली. अख्ख्या शेंगा आणून हाताने फोडल्या आणि चार दिवस मोड येऊ दिले.

युक्ती अशी की प्रत्येक दाण्याच्या दोन बाटल्या लावायच्या, एकीत सोडा, दुसरीत साधं पाणी. सोड्याची बाटली घेतलेला ऑक्सिजन दाखवते. पाण्याची दाखवते घेतलेला ऑक्सिजन वजा सोडलेला कार्बन डायऑक्साइड.

ज्वारी: सोड्यासह ०.३८, पाण्यासह ०.०२. घेतलं तेवढं जवळपास सगळं सोडलं.
शेंगदाणे: सोड्यासह ०.३०, पाण्यासह ०.०८. घेतले ०.३०, सोडले ०.२२. सोडलेल्याचं घेतलेल्याशी गुणोत्तर ०.७३.

ज्वारीत पिष्ट आहे, त्यापासूनच्या साखरेत स्वतःचा ऑक्सिजन भरपूर, म्हणून गुणोत्तर १ च्या जवळ. शेंगदाण्यात तेल. तेलाच्या रेणूत ऑक्सिजन फार थोडा, तो जाळायला बाहेरचा जास्त लागतो. पाल्मिटिक आम्लाच्या तेलाचं समीकरण सोडवलं की १४५ ऑक्सिजनमागे १०२ कार्बन डायऑक्साइड येतात, म्हणजे ०.७०. आमचं ०.७३. दाणा न फोडता त्याच्या पोटात काय जळतंय ते थेंबाने सांगितलं! मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

११ जानेवारी

कोठीतली ज्वारी आणणाऱ्या मुलीचे आजोबा मंगळवेढ्याकडचे. त्यांच्या तरुणपणी घरात पेव होतं, जमिनीत खणलेलं, आतून कडबा लावलेलं. मुलीने त्यांना आमच्या थेंबाबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, 'पेव उगडलं की लगीच कुनी उतरायचं न्हाई. आदी कंदील सोडायचा. कंदील इजला तर मानूस बी इजतो.'

हे ऐकून गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, सुट्टीआधी दोन पाच-लिटरच्या प्लास्टिकच्या बरण्या भरल्या. एकीत अर्धा किलो कोरडी ज्वारी, दुसरीत अर्धा किलो भिजवलेली. झाकणं घट्ट. आता गड्ड्यानंतर उघडायच्या.

१७ जानेवारी

भिजवलेल्या बरणीचं झाकण फुगून वर आलं होतं. हा माझा निष्काळजीपणा. बरणीतल्या हवेतला ऑक्सिजन हिशेबाने सात-आठ तासांतच संपतो. नंतर दाणे ऑक्सिजन न घेता नुसता कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात आणि दाब चढत जातो. सहा दिवस ठेवायची गरजच नव्हती, एक रात्र पुरे. काचेची बरणी असती तर फुटली असती. काच वापरू नका.

खिडक्या उघडून, मुलांना लांब उभं करून झाकण सैल केलं. फस्स आवाज आणि पुन्हा तो शिंदीचा वास. तारेला बांधलेली छोटी मेणबत्ती आत सोडली. तोंडापासून दोन बोटं खाली गेली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. कोरड्या ज्वारीच्या बरणीत तळापर्यंत जळत राहिली.

मुलांचा प्रश्न रास्त होता: पेवातली ज्वारी तर कोरडीच असते, मग कंदील का विझायचा? कोरडा दाणाही श्वास घेतो, फक्त इतका मंद की आमच्या थेंबाला कळत नाही. पेवात तो महिनोन्महिने बंद असतो, पोत्यांनी असतो, सोबत किडे आणि कडेच्या ओलीवरची बुरशी. ऑक्सिजन सरला की किडेही मरतात आणि म्हणूनच धान्य टिकतं. ज्या हवेने ज्वारी राखली, तीच उतरणाऱ्याचा जीव घ्यायची.

२० जानेवारी

खर्च: बुचं १५०, पिपेट ३६० (चारातले दोन फुटले), कॉस्टिक सोडा ८०, थर्मास ९००, थर्मामीटर २४०, टब २२०, नळ्या, जाळी वगैरे १२०. एकूण २०७० रुपये. थर्मासचा भाग सोडला तर हजाराच्या थोडं वर काम होतं. वेळ नऊ आठवडे, त्यातले निदान तीन टाळता आले असते: एक बियाणं आणि गळतीत, दोन थर्मासात.

गोट्या सातवीला परत केल्या, दोन कमी भरल्या, त्या विकत आणून दिल्या.

मार्चमध्ये नवी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घरात येईल. या मालदांडीचे पावशेर दाणे तोवर डब्यात राखून ठेवले आहेत. जुन्या आणि नव्या दाण्याचा थेंब एकाच टबात शेजारी शेजारी लावायचा आहे, २५ अंशांवर. तोवर पत्रा इतका तापलेला असेल की टबात बर्फ घालत बसावं लागेल, म्हणून सकाळी सातची वेळ ठरवली आहे.